बांधलेली होडी

दिवसाला तीन-चार हजार काटे काढते मी
क्लाक्सविकच्या धक्क्यावरच्या कारखान्यात,
डाव्या हाताखाली सामनचा गुलाबी तुकडा, उजव्यात चिमटा.
बोट फिरवलं की कळतं कुठे काय टोचतंय.
बघावं लागत नाही.

म्हणून सुन्वाने मोजा उतरवला
आणि पाय माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, इथे,
तेव्हा मी बोट फिरवलं,
घोट्याच्या आतल्या बाजूने खाली,
जिथून तळव्याची कमान सुरू होते.
लागलंच. मोठ्या वाटाण्याएवढं, टणक, वरची कातडी लाल.
ती किंचाळली.
माशाने आजवर असं कधी केलं नव्हतं.

तेरा वर्षांची आहे. हँडबॉल खेळते.
तिचा प्रशिक्षक गावभर सांगतो, पोरगी हाडाची खेळाडू.
असेल.
एक हाड जास्तीचंच निघालं.

समुद्राखालच्या बोगद्यातून तोर्शाव्हनला गेलो,
गाडीत ती एक शब्द बोलली नाही.
फोटो काढले, उभं करून, मागून, बाजूने.
डॉक्टर मार्यूनने तपासणीच्या पलंगावरच्या कागदावरच
चित्र काढलं:
पायात एक होडीसारखं हाड असतं, सगळ्यांच्याच.
काहींच्या होडीला मागे एक छोटी होडी बांधलेली येते.
बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही.
पण पोटरीतून उतरणारा दोर नेमका त्या छोटीत अडकला,
आणि मुलगी उड्या मारणारी, वाढत्या वयाची,
की प्रत्येक उडीला दोर हिसका देतो
आणि बांधल्या जागी सूज येते.

मी म्हटलं, काढून टाका.
माझ्या बोटांना ते मिनिटाचं काम वाटलं.
ती हसली नाही, बरं केलं.
काढता येतं, म्हणाली,
पण मग दोर सोडवून मोठ्या होडीला शिवायचा,
पुन्हा कितीतरी आठवडे पाय वर.
आधी पाणी शांत होतंय का बघू.

सहा आठवडे करड्या प्लास्टिकचा बूट, गुडघ्याच्या खालपर्यंत.
जिन्यावर ठक, ठक.
तिसऱ्या आठवड्यात तिने तो भिंतीवर फेकला,
टवका उडाला, अजून तसाच आहे.
जोग्वानचा ट्रॉलरवरून फोन आला, आवाज तुटत होता,
जोडा टोचतो ना, मग जोड्याला भोक पाड.
बाकी त्याने काय सांगावं तिथून.
मी मात्र खरंच पाडलं, फिलेटच्या सुरीने, नव्या जोड्याला.

मग कमानीखाली टेकू आला, तिच्याच पायाच्या साच्यावरून केलेला.
मग व्यायाम: भांडी पुसायचं फडकं जमिनीवर पसरून
बोटांनी गोळा करायचं,
टाचा उचलायच्या, हळू खाली यायचं.
हळू, मी म्हणायची.
हळूच आहे, ती म्हणायची, आणि धपकन यायची.

एका रात्री ती झोपल्यावर
मी रबरी बूट काढून स्वयंपाकघरात बसले.
बारा तास पायांवर.
सहज बोट फिरवलं.
उजव्या पायात, त्याच जागी, वाटाणा.
डाव्यातही.
बेचाळीस वर्षं माझ्याबरोबर चालतोय
आणि एकदाही हाक मारली नाही त्याने.
माझे बूट नेहमी आतल्या बाजूने का झिजतात
हे त्या रात्री कळलं.
तिला अजून सांगितलं नाही.
कुठल्या तोंडाने सांगू, हे माझ्याकडून आलंय,
नि मला दुखलंसुद्धा नाही.

काल ती अर्धा तास खेळली.
घरी आल्यावर पाय माझ्या मांडीवर टाकला, न विचारता.
मी गोठलेल्या कोळंबीची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवली.
दुखतंय?
थोडं.
थोडं म्हणजे किती, हे मार्यूनला वसंतात ठरवायचंय.

माझं बोट तिथे जातं
आणि चिमट्याची सवय उठते.
मी हात तसाच ठेवते,
पिशवीतलं पाणी माझ्या मनगटावरून वाहू लागतं
आणि ती म्हणते, आई, जरा बाजूला, टीव्ही दिसत नाहीये.